उशाचा भरलेला तांब्या

दर गुरुवारी सकाळी मी आमच्या शहराबाहेरच्या एका वृद्धाश्रमात तपासणीसाठी जातो. तेथील एका आजींमुळे माझी एक चूक माझ्या ध्यानात आली. ती आज आपल्यापुढे मांडतो.

आजी निवृत्त शिक्षिका. सायंकाळच्या भजनात टाळ त्यांच्याच हाती असत. एकाएकी त्यांनी भजनाला येणे सोडले. विचारले तर म्हणाल्या, "डॉक्टर, गुडघे बसू देत नाहीत." दोन महिने मी गुडघ्यांवरच उपचार करीत राहिलो. मग एके सकाळी त्यांना चक्कर आली. जीभ कोरडी, रक्तदाब उतरलेला, उशाचा तांब्या मात्र भरलेला. देखभाल करणाऱ्या मावशींनी मला बाजूला घेऊन सांगितले, "दुपारनंतर त्या पाणीच पीत नाहीत. पातळ ओलं होतं म्हणून."

मी औषधांचा कागद पुन्हा पाहिला आणि ओशाळलो. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी मीच दिली होती. ती केव्हा घ्यावी हे लिहिलेच नव्हते. आश्रमात ती सायंकाळच्या चहाबरोबर दिली जात होती.

वाचकहो, लघवीवरचा ताबा सुटणे हा म्हातारपणाचा अटळ भोग नव्हे. त्याला कारण असते. खोकताना-शिंकताना लघवी गळते, तेव्हा ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल झालेले असतात. अनावर घाई होते, तेव्हा मूत्राशय अवेळी आकुंचन पावत असते. पुरुषांत प्रोस्टेट वाढल्यास मूत्राशय पुरते रिकामे होत नाही आणि थेंब थेंब गळत राहते. बद्धकोष्ठ, मधुमेह, जंतुसंसर्ग यांनीही त्रास वाढतो. कित्येकांचे मूत्राशय तर ठीकच असते. शौचालय लांब असते, वाटेत अंधार असतो किंवा नाडीची गाठ वेळेवर सुटत नाही.

पाणी तोडणे हा उपाय नव्हे. त्याने लघवी गडद होऊन मूत्राशयाला अधिक टोचते आणि बद्धकोष्ठ वाढते. हृदय वा मूत्रपिंडाच्या विकारासाठी डॉक्टरांनी मर्यादा घातली नसेल, तर दिवसा पुरेसे पाणी प्यावे. झोपण्यापूर्वी दोन तास मात्र पाणी व चहा आवरता घ्यावा.

आजींची ती गोळी आम्ही थांबवली आणि पुढे कमी मात्रेत, सकाळी सुरू केली. तीन दिवस लघवीच्या वेळा वहीत टिपल्या. मग मावशी दर दोन तासांनी, घाई होण्याआधीच, त्यांना नेऊ लागल्या. रात्री पलंगाजवळ कमोडची खुर्ची आणि मंद दिवा ठेवला. लघवी रोखताना आवळतो ते स्नायू पाच सेकंद आवळून सैल सोडणे, असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. या व्यायामाचा गुण यायला दोन-तीन महिने लागतात. डायपर लागलाच, तर ओला होताच बदलावा आणि त्वचा धुऊन, टिपून कोरडी ठेवावी.

लघवीत रक्त, ताप, जळजळ, लघवी तुंबणे किंवा एकाएकी सुरू झालेला त्रास असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

आणि एक विनंती. हा प्रश्न चारचौघांत विचारू नका. पण एकांतात जरूर विचारा. मी तो दोन महिने विचारला नव्हता.

आजींचा त्रास पूर्णपणे थांबला असे नाही. त्या आता भजनात दाराजवळ बसतात, दोन अभंगांच्या मध्ये उठून जाऊन येतात. टाळ पुन्हा त्यांच्याच हाती असतात.