आधी पारखावे, मग घ्यावे

आमच्या वस्तीतील बुद्धविहाराच्या अभ्यासिकेत एक जुना संगणक आहे. २००१ सालचा. एका कार्यालयाने तो मोडीत काढला, तेव्हा आम्ही वर्गणी जमवून घेतला. वस्तीतील कितीतरी मुलामुलींनी मराठी टायपिंगचा पहिला धडा त्याच्यावरच गिरवला. गेल्या वर्षी त्याचा सीडी बर्नर बंद पडला, आणि तोही आमच्या अण्णांचा आवाज पोटात घेऊन.

अण्णा म्हणजे माझे वडील. गिरणी कामगार. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूरला धम्मदीक्षा दिली, तेव्हा त्या अफाट जनसमुदायात पांढरे कपडे घालून अण्णाही उभे होते. १९९१ साली, बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीच्या वेळी, आम्ही त्यांना टेपरेकॉर्डरसमोर बसवले. तासभर ते बोलले. गाडीतली गर्दी, फडक्यात बांधून नेलेल्या भाकरी, प्रतिज्ञा म्हणताना दाटून आलेला गळा, सारे त्यांनी सांगितले. शेवटी वामनदादा कर्डकांचे एक गीत गायले. १९९८ साली अण्णा गेले. २००६ साली आम्ही ती कॅसेट सीडीवर उतरवून घेतली. पुढे पावसाळ्यातल्या ओलीने कॅसेटला बुरशी लागली. नातेवाइकांना दिलेल्या सीड्या कुठे गेल्या, कोणालाच ठाऊक नाही. उरली ती एकच. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला विहारात ऐकवावी म्हणून ती संगणकात घातली आणि बर्नरचा ट्रे उघडेचना.

माझा तर जीवच गेला. ट्रे स्क्रू ड्रायव्हरने उचकटायला निघालो, तर मुलीने हात धरला. ती आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकली आहे. "बाबा, आधी वीज बंद करा," ती म्हणाली. ट्रेच्या खाली टाचणीएवढे एक छिद्र असते. तिने कागदाला लावायची क्लिप सरळ केली, त्यात अलगद दाबली आणि ट्रे बोटभर बाहेर आला. मग तो हाताने ओढला. सीडी शाबूत होती. वर्षानुवर्षे ते छिद्र डोळ्यांसमोर होते, पण कशासाठी आहे हे मी कधी विचारले नव्हते.

आता नवा बर्नर हवा होता. इथे माझी चूक झाली. मुलीला न विचारता मी जवळच्या एका दुकानात गेलो. "संगणकाचा बर्नर द्या," म्हणालो. दुकानदार म्हणाला, "काका, सगळे एकच असतात. घेऊन जा." नऊशे रुपये मोजले. घरी आणला तर त्याला आमची केबल लागेना. परत न्यायला गेलो तर "खोका उघडला, आता घेत नाही. तो डबाच टाकून द्या," असे उत्तर मिळाले. विहाराच्या वर्गणीतले नऊशे रुपये! रात्रभर झोप लागली नाही. पुढे ते मी माझ्या खिशातून भरले.

दुसऱ्या दिवशी मुलीने संगणकाची वीज काढली, बाजूचे झाकण उघडले आणि मला जवळ बसवून दाखवले. ते सांगतो, कारण असा जुना संगणक अजून कोणाकोणाकडे असेल.

जुन्या संगणकात बर्नरला रुंद, चपटी, राखी पट्टी लागते. तिच्या टोकाला चाळीस भोके असतात. तिला आयडीई म्हणतात. वीज द्यायला चार जाड पिनांचा वेगळा प्लग असतो. नंतरच्या संगणकांत बोटभर रुंदीची बारीक केबल आली. ती साटा. तिचा विजेचा प्लगही वेगळा, पातळ असतो. मी आणला होता तो साटाचा. जोडायला अडॅप्टर मिळतात, पण प्रत्येक जुन्या संगणकावर ते चालतीलच असे नाही.

आयडीईच्या एका पट्टीवर दोन वस्तू बसतात. म्हणून एकीला मास्टर आणि दुसरीला स्लेव्ह ठरवावे लागते. बर्नरच्या पाठीमागे बारीक पिना असतात. त्यांवर प्लास्टिकचा एक चिमुकला तुकडा बसवतात. त्याला जम्पर म्हणतात. जुना बर्नर काढण्याआधी त्याचा जम्पर कुठे आहे ते पाहून कागदावर लिहून ठेवावे, म्हणजे नव्याला तसाच बसवता येतो. पट्टीची लाल कड बहुधा विजेच्या प्लगाच्या बाजूला येते.

"बाहेरून यूएसबीला लावायचा का नाही घेत?" मी विचारले. तोही मार्ग आहे आणि जरा नव्या संगणकाला तोच सोपा. पण आमच्या संगणकाची यूएसबी पहिल्या पिढीची. सेकंदाला जेमतेम एक एमबी जाते. सीडी रडतरखडत चालली असती, डीव्हीडी लिहिणे मात्र जमले नसते. शिवाय असा बर्नर वीजही यूएसबीतूनच घेतो आणि कधी कधी त्याला दोन प्लग लावावे लागतात.

मग आम्ही ग्रँट रोडच्या लॅमिंग्टन रोडला गेलो. आयडीईचा नवा कोरा बर्नर मिळणे आता कठीण, म्हणून जुनाच शोधला. मुलीने आमच्या बर्नरच्या पाठीचा फोटो मोबाइलवर घेतला होता. तो दाखवला की बोलायचे कामच राहत नव्हते. तिसऱ्या दुकानात डीव्हीडी लिहिणारा मिळाला. असा बर्नर सीडीही लिहितो, हे तिने मला सांगितले. तिने दुकानातच तो लावून पाहायला सांगितले. एक सीडी वाचून घेतली, एक कोरी सीडी लिहून घेतली, मगच चारशे रुपये दिले.

विंडोज एक्सपी स्वतःहून फक्त सीडी लिहिते, डीव्हीडीला वेगळे सॉफ्टवेअर लागते. आम्हाला सीडीच हवी होती. अण्णांची सीडी मऊ कापडाने मधून कडेकडे, सरळ रेषेत पुसली. गोल फिरवून पुसली तर ओरखडे जास्त नडतात. वेग कमी करून वाचायला लावली. अण्णा बोलू लागले. माझ्या आईचे नाव त्यांनी घेतले, तिथे मुलगी रडली. तिने आजोबांना कधी पाहिलेच नव्हते.

सगळे वाचले नाही. शेवटच्या गीताचे एक कडवे कायमचे गेले. दोन वर्षे आधी जागे झालो असतो तर कदाचित तेही वाचले असते. आता तीन सीड्या केल्या, पेनड्राइव्हवर घेतले आणि मोबाइलवरही. एक सीडी आत्याकडे पाठवली. तिच्याकडे अजून सीडीचा प्लेअरच आहे.

तथागतांनी कालामांना जे सांगितले ते आपण विहारात नेहमी ऐकतो. कोणी सांगतो म्हणून मानू नये, स्वतः पारखून घ्यावे. मी ते फक्त मोठमोठ्या गोष्टींसाठी आहे असे समजत होतो. दुकानात नऊशे रुपये देताना मला ते आठवले नाही. बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथांसाठी दादरला राजगृह उभारले. आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांचे बोल हेही आपले ग्रंथच आहेत. ते आपणच जपायचे.

तेव्हा बंधुभगिनींनो, कपाटात जुन्या सीड्या, कॅसेटी असतील तर या रविवारीच काढा. एकाच प्रतीवर विसंबू नका. आणि बर्नर घ्यायचा असेल तर आधी झाकण उघडून पट्टी पाहा. घरातल्या मुलीला विचारायला लाजू नका. जयभीम.