सैफाबादची टांकसाळ आणि नानींचा मेहर

आमच्या घरी पत्र्याच्या ट्रंकेत नानींचा निकाहनामा आहे. हिजरी 1349 चा, म्हणजे 1930 च्या सुमाराचा. उर्दूत लिहिलेला, घड्यांवर विरलेला. मेहराच्या जागी आकडा आहे 525 रुपये आणि पुढे दोन शब्द : सिक्का उस्मानिया. नाना वारले तेव्हा मय्यतीजवळ बसलेल्या बायांनी नानींना म्हटले, "मेहर माफ करून टाका." नानींनी मान हलवली. त्या वेळी कोणती विधवा नाही म्हणणार? अम्मी हा किस्सा सांगायची आणि मध्येच उठून स्वयंपाकघरात जायची.

यंदा भाचीच्या लग्नाच्या खरेदीसाठी आम्ही परभणीहून हैदराबादला गेलो. लाड बाजारात बांगड्या घेऊन झाल्या तशी भाची म्हणाली, "मामू, परनानींचे रुपये जिथे बनत होते ती जागा बघू या ना!" आपाला अजून कापड बघायचे होते, पण पोरीचा हट्ट. रिक्षाने मुसी ओलांडली आणि सैफाबादला आलो.

हैदराबादेत टांकसाळ 1803 पासून आहे. आधी ती जुन्या शहरात, सुलतानशाहीत होती. मीर महबूब अली खान यांच्या काळात, 1903 मध्ये, ती सैफाबादला आली. 1950 मध्ये भारत सरकारकडे गेली आणि 1997 मध्ये नाणी पाडण्याचे काम चेर्लापल्लीला हलले. सैफाबादच्या जुन्या वास्तूत 2022 पासून संग्रहालय आहे.

पूर्वी नाणे हाताने पाडत. चांदीची चकती कापायची, खालच्या ठशावर ठेवायची, वर दुसरा ठसा धरून हातोडा हाणायचा. ठसा चकतीपेक्षा मोठा असे, त्यामुळे पुरा मजकूर नाण्यावर क्वचितच उतरे. एका रुपयावर बादशहाचे नाव अर्धे, तर दुसऱ्यावर सन गायब. यंत्र आले आणि हे बदलले. कलाकार आधी नाण्याचे मोठे चित्र प्लास्टरमध्ये घडवतो. लहान करणारे यंत्र त्याची रेघ न् रेघ नाण्याच्या आकारात पोलादावर कोरते. धातू वितळवून, लाटून पत्रा करतात आणि त्यातून चकत्या कापतात. त्या भट्टीत तापवून मऊ करतात, तेजाबाने धुतात, कडा उचलतात. मग दोन ठशांच्या मध्ये, भोवती कडे घालून, एकच दाब. दोन्ही बाजूंचा छाप आणि काठावरच्या बारीक रेघा एकाच वेळी उमटतात. या रेघा नुसत्या शोभेच्या नव्हेत. काठ तासून कुणी चांदी चोरली तर लगेच कळावे, म्हणून त्या.

काचेआडचा उस्मानिया रुपया पाहून भाची तर तिथेच थांबली. मधोमध चारमिनार आणि त्याच्या कमानीत एकच अक्षर, 'ऐन', उस्मान अलींच्या नावाचे. महबूब अलींच्या नाण्यांवर त्या जागी 'मीम' असे. हैदराबादच्या नाण्यांवर 92 हा आकडाही येतो. अब्जदच्या हिशेबाने मुहम्मद (स.) या नावाची ती बेरीज : मीम 40, हे 8, मीम 40, दाल 4.

आमच्या मराठवाड्यात याच रुपयाला हाली म्हणत, म्हणजे चालू. इंग्रजांचा तो कलदार. सात हाली दिले की सहा कलदार मिळत. हा भाव कुठून आला, असे भाचीने विचारले आणि आम्ही मोबाइलवर हिशेब मांडला. हाली रुपया 11.18 ग्रॅम, त्यात चांदी शेकडा 81.8, म्हणजे सव्वानऊ ग्रॅमला थोडी कमी. कलदार 11.66 ग्रॅम, चांदी शेकडा 91.7, म्हणजे पावणेअकराच्या आसपास. भागाकार केला तर बरोबर सातास सहा! सराफाच्या काट्याने ठरवलेला भाव होता तो.

नोटांचे तसे नव्हते. पहिल्या महायुद्धात चांदीचा तुटवडा पडला आणि 1918 पासून निजाम सरकारने नोटा काढल्या. त्या छापल्या विलायतेत, वॉटरलो कंपनीने. त्यांवर रक्कम उर्दू, इंग्रजी, तेलुगू आणि कानडीबरोबर आपल्या मराठीतही असे. 1922 मध्ये 'इजिप्त' नावाची बोट फ्रान्सजवळ बुडाली. तिच्यात सोन्याचांदीबरोबर निजामाच्या कोऱ्या नोटाही होत्या. दहा वर्षांनी पाणबुड्यांनी सोने वर काढले तेव्हा काही नोटाही वर आल्या. दुसऱ्या महायुद्धात रुपयातली चांदीच निम्म्यावर आली, हालीची आणि कलदारचीही. 1959 पर्यंत हाली चालला, मग बंद झाला.

बाहेर सावलीत बसलो. आपाने आतापर्यंत एक शब्द काढला नव्हता. आता म्हणाली, "नानींचे 525 म्हणजे किती रे?"

कलदारमध्ये 450. पुढे भारताच्या रुपयात मोजले तरी 450 च. तेवढ्यात आज आम्हा तिघांची बिर्याणी झाली असती. मग आम्ही दुसरा हिशेब केला. 525 नाण्यांची थैली पावणेसहा किलोहून जड, आणि त्यात निव्वळ चांदी चार किलो आठशे ग्रॅम.

"पावणेपाच किलोवर चांदी!" आपा म्हणाली. "आणि एका मानेच्या हलण्याने माफ?"

भाचीने पर्समधून एक रुपयाचे नाणे काढून उलटसुलट केले. सनाखाली बारीक तारा होता. हैदराबाद टांकसाळीची ती खूण. नाणे स्टीलचे, चांदीचा मागमूस नाही.

"मामू, माझा मेहर रुपयांत लिहायचा नाही," ती म्हणाली. "चांदी नाही तर सोने, पण वजनात. आणि निकाहच्या दिवशीच हातात."

आपाने तिच्याकडे पाहिले, मग आमच्याकडे. मुलाकडच्यांनी बोलणीत एक लाख एक हजार सांगितले आहेत आणि आम्ही हो म्हणून बसलो आहोत. निकाह शाबानमध्ये आहे. परत येताना गाडीत आपाने समधिणीला फोन लावला, पण पूर्णेपर्यंत रेंज मिळाली नाही.