लाकडावरची फवारणी: पेडणे-डिचोलीच्या हवेतली स्प्रे गन

पॉलिशच्या स्प्रे गनमधले तीन भाग कामाचा दर्जा ठरवतात: पॉलिश सोडणारे नोझल, त्याचे तोंड बंद करणारी सुई आणि समोरची बारीक छिद्रांची एअर कॅप. ट्रिगर अर्धा ओढला की नुसती हवा सुटते; आणखी ओढला की सुई मागे सरकून पॉलिश बाहेर येते. मधल्या हवेने त्याचे तुषार होतात आणि कॅपच्या दोन शिंगांतली हवा त्या गोल फवाऱ्याला दाबून पंख्यासारखा चपटा करते. या साधनाचे मूळ दवाखान्यातले आहे. अमेरिकेतल्या टोलेडो शहरात डॉ. ॲलन डेव्हिलबिस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घशात औषध फवारण्याचे यंत्र बनवले. पुढे त्यांच्या मुलाने तेच तत्त्व रंगकामाकडे वळवले.

गोव्याच्या पेडणे आणि डिचोली तालुक्यांत गनखाली येते ते बहुतेक साग किंवा फणस. फणसाचे पिवळे लाकूड उजेडात हळूहळू तपकिरी होते, म्हणून जुन्या दाराशी नवी फळी जुळवताना तिच्या आजच्या रंगावर विसंबता येत नाही. सागाच्या अंगात तेल असते. सीलर मारण्याआधी थिनरच्या फडक्याने पुसून घेतल्यास पकड चांगली बसते.

प्रस्तुत लेखकाने हे काम याच दोन तालुक्यांत केले आहे, आणि तिथला खरा प्रश्न हवेतल्या ओलीचा आहे. पाट, चौरंग, मखर, देवघर हे सगळे चवथीपूर्वी तयार हवे असते, म्हणजे पॉलिशची घाई आषाढ-श्रावणात, ऐन पावसात येते. थिनर उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातो. ओल्या हवेत लाकूड तेवढ्यानेही इतके गार होते की बाष्प त्यावर बसते आणि लॅकर दुधाळ दिसू लागतो. कारागीर याला ‘पॉलिश पांढरे पडले’ म्हणतात. उपाय म्हणजे सावकाश उडणारा थिनर किंवा थोडा रिटार्डर (थिनरचे उडणे मंदावणारे द्रव्य) मिसळणे, पातळ हात देणे आणि पावसाची सर ओसरेपर्यंत थांबणे. पांढरा पडलेला हात वाळल्यावर त्यावर रिटार्डर घातलेल्या थिनरचा हलका फवारा दिला तर बहुधा तो पुन्हा पारदर्शक होतो. पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशमध्ये दुखणे वेगळे असते. त्याच्या हार्डनरची पाण्याशी प्रक्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि पृष्ठभागावर बारीक फोड राहतात.

हे पाणी कॉम्प्रेसरमधूनही येते. दाबलेली हवा तापते आणि टाकीत गार होताना तिच्यातले पाणी तळाशी साचते. पावसाळ्यात टाकीचा खालचा व्हॉल्व्ह रोज सकाळी उघडावाच लागतो. पाणी गाळणारा ट्रॅप कॉम्प्रेसरला चिकटून बसवणे व्यर्थ आहे. तिथे हवा गरम असल्याने पाणी वाफेच्या रूपातच पुढे निसटते. लांब नळीतून हवा गार झाल्यानंतर, गनच्या अलीकडे तो बसवावा.

डिचोलीत धुळीचाही त्रास असतो. 2012 मध्ये खाणकाम थांबण्याआधी खनिजाच्या ट्रकांची लाल धूळ रस्त्याकाठच्या ओल्या पॉलिशवर उतरत असे. चैत्र-वैशाखात जमिनीवर पाणी शिंपडून धूळ बसवता येते. पावसाळ्यात मात्र त्याच पाण्याने ओल वाढते, तेव्हा नुसते झाडून पुसून घेणे बरे.

प्रत्यक्ष फवारणीसाठी साधारण 1.3 ते 1.5 मिलिमीटरचे नोझल पुरते. गन लाकडापासून 15 ते 20 सेंटिमीटरवर, काटकोनात धरावी. मनगट न वळवता सगळा हात सरकवावा आणि प्रत्येक पट्ट्याने आधीचा पट्टा निम्मा झाकावा. ट्रिगर फळीच्या कडेबाहेर ओढून पलीकडच्या कडेबाहेर सोडावा. कमी दाबाच्या एचव्हीएलपी गनमध्ये कॅपपाशी हवेचा दाब 10 पीएसआयच्या आत राहतो, त्यामुळे जुन्या पद्धतीच्या गनपेक्षा बरेच जास्त पॉलिश लाकडावर बसते आणि हवेत कमी उडते.

काम संपताच गन धुणे, हा या कारागिरीचा अर्धा भाग आहे. पीयू तर हार्डनर मिसळल्यापासूनच घट्ट होऊ लागते. जेवायला जाण्याआधीही धुणे टाळता येत नाही. उरलेले पॉलिश काढून कपात थिनर घालावा आणि स्वच्छ फवारा येईपर्यंत तो गनमधून मारावा. मग कॅप उतरवावी, आधी सुई बाहेर काढावी आणि नंतरच पान्याने नोझल सोडवावे; सुई आत असताना नोझल फिरवले तर तिचे टोक आणि बैठक दोन्ही खरवडतात. छिद्रांत तार घालू नये. पितळ मऊ असते, छिद्र किंचित वाकडे झाले तरी फवारा कायमचा बिघडतो. नायलॉनचा ब्रश किंवा लाकडी काडी पुरते. अख्खी गन थिनरमध्ये बुडवून ठेवण्याची रीत पुष्कळ ठिकाणी दिसते, पण ती वाईट आहे: आतली पॅकिंग खराब होतात आणि सुटलेला मळ हवेच्या वाटेत जाऊन बसतो.

फवारा एकीकडे जड पडत असेल तर कॅप अर्धा फेरा फिरवून कागदावर पुन्हा मारून पाहावे. जड बाजू उलटली तर दोष कॅपमध्ये, तशीच राहिली तर नोझलमध्ये. फवारा धापा टाकत येत असेल तर नोझल सैल आहे, पॅकिंग कोरडे पडले आहे किंवा कपाच्या झाकणाचे छिद्र बुजले आहे.

पीयूच्या हार्डनरमधल्या आयसोसायनेटमुळे दमा जडू शकतो. नाकाला रुमाल बांधून त्यापासून काहीही संरक्षण मिळत नाही. वाफ शोषणारी काडतुसे असलेला मास्क हवा, आणि तोही घट्ट बसणारा. या बाबतीत काटकसर करणाऱ्या मालकाचे काम घेऊ नये.

धुण्याचा थिनर झाकणाच्या डब्यात निवळू द्यावा. वरचा स्वच्छ भाग पुढच्या पहिल्या धुण्याला चालतो. तळाचा गाळ परसात ओतू नये, कारण इथला जांभा सच्छिद्र असतो आणि परसातच विहीर असते. धुतलेली गन कोरडी करून सुईला आणि ट्रिगरच्या खिळीला सिलिकॉन नसलेल्या तेलाचा थेंब द्यावा. सिलिकॉनचा अंश पॉलिशमध्ये उतरला तर पुढच्या फळीवर माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात.