क्षमा मागावी, पण केव्हा?

२०२२ सालच्या संवत्सरीची गोष्ट. महिनाभरापूर्वी जालना रस्त्यावर माझ्या पुतण्याच्या मोटारीने एका हातगाडीवाल्यास धडक दिली होती. त्याचा पाय मोडला, गुन्हा नोंदला गेला. त्या दिवशी आम्ही घरोघरी जाऊन ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हटले. ज्याचे खरे नुकसान झाले त्याचेच घर वगळावे, हे मनास पटेना. म्हणून थोरले बंधू आणि मी फळे घेऊन त्याच्याकडे गेलो.

दार त्याच्या पत्नीने उघडले. आम्ही हात जोडले. तिने पाणी दिले आणि उभ्या उभ्याच विचारले, “शेठ, सही कुठं करायची?”

आमच्यापाशी कागद नव्हता. तरीही माझी मान खाली गेली. कारण तक्रार मागे घेतली जावी, ही इच्छा मनाच्या तळाशी होतीच.

परतताना मला आपल्याच शहरातील एक निकाल आठवला. फेब्रुवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने, अल्पवयीन मुलीवरील अत्याचाराच्या प्रकरणात, आरोपीचा अटकपूर्व जामीन रद्द केला होता. मुलगी सज्ञान होताच लग्न लावू, असे सांगून आरोपीच्या आईने तक्रार थांबवली आणि मुलीच्या निरक्षर आईकडून मुद्रांकावर लिहून घेतले, असा तिथे आरोप होता. पुढे लग्नास नकार मिळाला. त्याच वर्षी १८ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात बजावले, की लैंगिक गुन्ह्यांत जामिनाच्या अटींनी आरोपी व पीडिता यांचा संपर्क घडवू नये.

आमचा अपघात आणि तो गुन्हा यांची तुलना होऊ शकत नाही. पण दारात उभा राहणारा सधन आणि दार उघडणारा निर्धन असला, की विनंतीचेही दडपण होते. काही गुन्ह्यांत कायदा तडजोडीस मुभा देतो. परंतु ती वकिलांमार्फत, न्यायालयासमोर व्हावी. नातलगांनी परस्पर उंबरठा ओलांडू नये.

आम्ही उपचाराचा खर्च वकिलांमार्फत, कोणतीही अट न घालता दिला. पुतण्याने न्यायालयात दोष कबूल केला, दंड भरला. त्यानंतर, जायचे का असे आधी विचारून, होकार आल्यावरच आम्ही पुन्हा त्या घरी गेलो. या वेळी तिने सतरंजी अंथरली.

क्षमा केली की नाही, हे तिने सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही.