डबा छान होता

शाळेत असताना वर्षातून एकदा 'माझा आवडता छंद' या विषयावर निबंध लिहावा लागे. वर्गातल्या चाळीस मुलांपैकी अडतीस जणांचा छंद पोस्टाची तिकिटे जमवणे हा असे. उरलेल्या दोघांपैकी एकाचा वाचन असे आणि दुसरा त्या दिवशी गैरहजर असे. मी अडतिसांतलाच. वर्गात परदेशी तिकीट एकच होते आणि ते आम्ही सगळ्यांनी पाळीपाळीने जमवले होते.

त्यानंतर छंद या गोष्टीची आणि माझी गाठ पडली ती थेट २०१२ साली, नोकरीतून निवृत्त झाल्यावर. "आता वेळ कसा घालवणार?" असे जो तो विचारू लागला. जसा काही वेळ म्हणजे घरात शिरलेला बोका आणि काठी घेऊन त्याला घालवण्याचे काम माझ्याकडे सोपवलेले! मी आपला 'बघू' म्हणून वेळ मारून नेत असे. म्हणजे घालवला नाही तरी मारला.

आमच्या घरात छंद नव्हता असे नाही. होता, पण तो सगळाच्या सगळा हिच्या वाट्याला गेला होता. आमचे लग्न १९८० सालचे. त्या वेळचे रुखवत मला अजून आठवते. एका बाजूला लाडू, चिरोटे, करंज्या. दुसऱ्या बाजूला लोकरीचा ससा, मण्यांचा मोर, क्रोशाचे रुमाल, सुपाऱ्यांना धोतर-उपरणे नेसवून बसवलेले भटजी आणि मेणाची फळे. खायचे कुठले आणि बघायचे कुठले, हे सांगायला कुणी उभे नव्हते. आमच्या मामांनी मेणाच्या पेरूला हात घातला आणि त्यांनी तो चावेपर्यंत दोन्हीकडच्या मंडळींपैकी कुणालाही त्यांना अडवावेसे वाटले नाही. लाडू आठ दिवसांत संपले. ससा अजून आहे.

वर्षभरात आमच्या घरात उघडी म्हणून एक वस्तू राहिली नाही. रेडिओला झालर आली, टीव्हीला पडदा आला, माठाला टोपी आली. पाण्याच्या भांड्यांवर कडेने मणी लावलेल्या जाळ्या आल्या. जुन्या लग्नपत्रिकांची पाकिटे झाली, आइस्क्रीमच्या काड्यांचा दिवा झाला, विटक्या साड्यांची पायपुसणी झाली. "टाकू नका हं, त्याचं काहीतरी होईल," हे आमच्या घरातले बोधवाक्य. मीसुद्धा सुटीच्या दिवशी एका जागी फार वेळ निश्चल बसत नसे. न जाणो, माझेही काहीतरी होईल!

मी चेष्टा करायचो. ही हसायची आणि हातातला टाका पुरा करायची.

हिच्या या कलेचा एक नमुना मात्र रोज माझ्याबरोबर कोटातल्या ऑफिसात येत असे. बरोबर म्हणजे मागून. मी पार्ल्याहून पावणेनऊला निघायचो आणि डबा साडेनऊला. मुंबईत ही डब्याची सोय महादू हावजी बच्चे यांनी १८९० साली सुरू केली. तेव्हापासून मुंबईचा नोकरदार पुढे आणि त्याचे जेवण मागे, असा हा प्रवास चालू आहे. डब्याच्या झाकणावर रंगाने काढलेली चार अक्षरे आणि आकडे. कुठल्या स्टेशनावरून निघाला, कुठे उतरायचा, कुठली इमारत, कितवा मजला, सगळे त्यात आले. बत्तीस वर्षांत मी स्वतः दोनदा चुकीच्या मजल्यावर जाऊन बसलो आहे. डबा कधी गेला नाही.

तर या डब्यात, पोळ्यांच्या वर, हिने भरतकाम केलेला रुमाल असे. प्रत्येक वाराला वेगळा टाका. सोमवारी साखळी टाका, मंगळवारी गहू टाका, बुधवारी काश्मिरी टाका. ऑफिसात कुणाला आज वार कोणता असा प्रश्न पडला, की तो भिंतीवरचे कॅलेंडर न बघता माझा रुमाल बघायचा.

रुमालाखाली पोळ्या, पोळ्यांखाली भाजी, मग आमटी आणि तळाशी भात. आता एक गोष्ट कबूल करायला हवी. आठवड्यातून निदान दोनदा त्या भाजीच्या ठिकाणी दुधी असे, नाहीतर पडवळ. दुधी प्रकृतीला चांगला असतो, हे मला मान्य आहे. ज्यांची प्रकृती बिघडली आहे त्यांनी तो जरूर खावा. पण धडधाकट माणसाने भर दुपारी, कोपऱ्यावर गरम बटाटेवडे तळले जात असताना, दुधी खायचा म्हणजे काय!

माझ्या शेजारच्या टेबलावर एक भाऊसाहेब होते. एकटे राहायचे, खाणावळीत जेवायचे. दुधीच्या दिवशी मी माझा डबा त्यांच्यापुढे सरकवायचा आणि आपण कोपरा गाठायचा, असा आमच्यात एक अलिखित करार झाला. भाऊसाहेब बोटे चाटीत म्हणायचे, "वहिनींच्या हाताला चव आहे हो! दुधीची भाजी इतकी झणझणीत मी दुसरीकडे खाल्ली नाही." मी मान डोलवायचो. न खाल्लेल्या भाजीबद्दल दुसरे काय करणार?

संध्याकाळी घरी आलो, की ही विचारायची, "डबा कसा होता?"

मी बूट काढता काढता म्हणायचो, "छान होता."

असे हे बत्तीस वर्षे चालले. वर्षाचे पावणेतीनशे धरले, तर आठ हजारांवर डबे होतात. त्यांतले किती माझ्या पोटात गेले आणि किती भाऊसाहेबांच्या, याचा हिशेब मी हिशेबनीस असूनही ठेवला नाही.

निवृत्त झालो आणि दोनच महिन्यांत एका महिला मंडळाने हिला हस्तकलेचा वर्ग घ्यायला बोलावले. आठवड्यातून तीन दिवस, दहा ते चार, दादरला. पहिल्या आठवड्यात ही दोन केळी आणि बिस्किटांचा पुडा घेऊन गेली.

"अगं, डबा का नाही नेत?" मी विचारले.

"करणार कोण? माझं आवरून नऊवीसची गाडी गाठायची म्हणजे..."

"मी करतो की!" मी म्हणालो. आठ हजार डबे झालेल्या माणसाला एक डबा करणे म्हणजे काय मोठेसे, असे मला खरोखरच वाटले होते. आगगाडीतून पुष्कळ हिंडलेल्या माणसाला आपण इंजिन चालवू शकू असे वाटावे, तसलाच हा प्रकार.

पहिल्या दिवशी मी फ्लॉवर-बटाट्याची रसभाजी दिली. झाकण घट्ट लावायचे असते हे मला माहीत होते. घट्ट म्हणजे किती, हे नव्हते. हिच्या पिशवीत क्रोशाचे पांढरेशुभ्र नमुने होते. हळदीचा रंग किती पक्का असतो, हे विद्यार्थिनींना त्या दिवशी प्रात्यक्षिकासह समजले.

दुसऱ्या खेपेला पोळ्या केल्या. त्यांच्या आकाराबद्दल मी बोलणार नाही. पण त्या गरम होत्या, आणि गरमच जाव्यात म्हणून मी तव्यावरून काढून थेट डब्यात भरल्या. बंद डब्यात पोळीला घाम येतो. दादरला पोचेपर्यंत त्या तिन्ही पोळ्यांचे एकीकरण झाले होते. मग एकदा काकडीच्या कोशिंबिरीत सकाळीच मीठ घातले आणि दुपारी तिची काकडीची आमटी झाली. एकदा छान दही घालून दहीभात दिला, तो एक वाजता तोंडात धरवेना इतका आंबला. एकदा धुतलेली भेंडी ओलीच चिरली. त्या दिवशीच्या भाजीने वर्गातली चित्रे चिकटवता आली असती.

पण तीस-बत्तीस वर्षे सरकारी वळणाने काम केलेला माणूस इतक्यात हार जात नाही. मी एक वही आखली. डाव्या बाजूला जावक, उजव्या बाजूला आवक. तारीख, वेळ, पदार्थ आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. चुका नोंदवत गेलो तसतसा सुधारत गेलो. पोळी पाच मिनिटे जाळीवर निवू द्यायची आणि मग फडक्यात गुंडाळायची. कोशिंबिरीचे मीठ कागदाच्या पुडीत वेगळे द्यायचे. दहीभातात दही घालायचे ते विरजणापुरते चमचाभर, बाकी सगळे दूध. भात प्रवासातच विरजतो आणि जेवायच्या वेळी बरोबर लागतो. भेंडी धुऊन, कोरडी पुसून मग चिरायची, आणि पुसताना बुधवारचा काश्मिरी टाका वापरायचा नाही.

या सगळ्यात मला गोडी लागत गेली. इतकी, की डब्यासाठी पिशवीसुद्धा आपणच शिवावी असे मनात आले. मी माझी जुनी पॅन्ट काढली. पॅन्टचा पाय म्हणजे तयार पिशवीच. दोन्ही बाजू शिवलेल्या असतातच. खाली टीप मारायची आणि वर नाडी ओवायची. दोन दुपारी खपून मी ती हाताने शिवली. शिवून झाल्यावर लक्षात आले, की मी वरचे तोंडही शिवून टाकले आहे. उसवली, पुन्हा शिवली. हिने चष्मा लावून पिशवी उलटसुलट पाहिली. बत्तीस वर्षांचा वचपा काढायला याहून चांगली संधी नव्हती. पण ही एवढेच म्हणाली, "टीप बारीक हवी होती. पण धरेल." आणि दुसऱ्या दिवशी ती पिशवी घेऊन वर्गाला गेली.

मी पावणेपाचच्या सुमाराला गॅलरीत उभा राहू लागलो. शेजाऱ्यांना वाटे, मी हिची वाट बघतो. मी डब्याची वाट बघत असे. आपण केलेली वस्तू सकाळी दाराबाहेर जाते आणि तिचे पुढे काय झाले ते आपल्याला संध्याकाळपर्यंत कळत नाही, ही काय अवस्था असते, ते मला साठाव्या वर्षी कळले.

ही यायची. डबा ओट्यावर ठेवायची. रिकामा, आणि स्वच्छ धुतलेला.

"कसा होता?"

"छान होता," चपला काढता काढता ही म्हणायची.

मी वहीत शेरा लिहायचो.

असे तीन महिने गेले. एका संध्याकाळी मी सहज वही चाळत होतो. जावकीच्या बाजूला काय नव्हते! वांगी, मटकी, घेवडा, थालीपीठ, दोनदा दुधीसुद्धा. आणि शेऱ्याच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच मजकूर: छान होता. छान होता. छान होता. करपलेल्या वांग्यांनाही छान होता आणि साधलेल्या दहीभातालाही छान होता.

हा शेरा मी कुठेतरी ऐकला होता. शब्द तेच, पायताण काढण्याची वेळही तीच. फक्त आवाज दुसरा होता.

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. सकाळी चहाच्या वेळी मी भाऊसाहेबांचे प्रकरण सगळे सांगून टाकले. दुधी, पडवळ, बटाटेवडा, काहीही लपवले नाही. ही लोकरीचे टाके मोजत होती. मोजून झाल्यावर म्हणाली, "मला माहीत होतं."

"माहीत होतं? कसं काय?"

"अहो, डबेवाल्याकडून डबा तुमच्याआधी घरी यायचा, आणि न धुतलेला. तुम्ही भाजीतल्या मिरच्या काढून झाकणात ठेवता. दुधीच्या दिवशी झाकणात एकही मिरची नसायची. म्हटलं, हे जेवण काही यांचं नव्हे."

"मग बोलली का नाहीस इतकी वर्षं?"

"काय बोलायचं? डबा चाटूनपुसून रिकामा येत होता. कोणी का असेना, आवडीनं खात होतं." जरा थांबून ही म्हणाली, "मिरची आवडणारा दिसला माणूस. म्हणून मग दुधीच्या दिवशी मी दोन जास्तच घालायला लागले."

झणझणीत दुधीचे कोडे मला त्या दिवशी उलगडले. आमच्या घरातून बत्तीस वर्षे एका अनोळखी माणसासाठी बेतशीर तिखट केलेला डबा जात होता, आणि मधल्यामध्ये मी नुसता पत्त्यापुरता होतो!

आता खरे म्हणजे माझी विचारायची पाळी होती. माझा डबा तू खातेस, की तुझ्याही शेजारी कुणी भाऊसाहेबीण आहे? पण धीर झाला नाही. 'छान होता' याच्या पुढचे उत्तर ऐकायची तयारी लागते. शिवाय ही डबा तिथेच धुऊन आणायची. न धुता आणायला काय हरकत होती? पुरावा नष्ट करण्याची ही पद्धत मला फार संशयास्पद वाटू लागली.

पुढच्या आठवड्यात एक दिवस मंडळाच्या हॉलमध्ये पाणी नव्हते. डबा तसाच घरी आला. "आज घासायचा राहिलाय हं," म्हणत ही आत हातपाय धुवायला गेली आणि मी ओट्याशी उभा राहून झाकण उघडले.

हिला कढीपत्ता तोंडात आलेला चालत नाही. पण घरी जेवतानासुद्धा ही त्याची पाने इकडेतिकडे टाकत नाही. ताटाच्या कडेला एकाशेजारी एक, सारख्या अंतरावर मांडून ठेवते. भाजीच्या पुडात पाहिले. भाजी संपली होती, आणि कडेला कढीपत्त्याची पाच पाने ओळीने लावलेली होती. थेट गहू टाका! अशी मांडणी मुंबईत दुसऱ्या कुणाला जमायची नाही.

मी वही काढली आणि शेऱ्याच्या रकान्यात त्या दिवशी काहीच लिहिले नाही. नुसती पाच पाने काढली.

हिचा वर्ग अजून चालू आहे आणि माझी जावकही. मंडळाच्या हॉलमध्ये हल्ली पाणी नियमित येते, डबा पुन्हा धुऊन येतो, आणि शेराही पूर्वीचाच असतो. मी मात्र भाजीत कढीपत्ता जरा जास्तच घालतो. पाणी काय, कधीतरी पुन्हा जाईलच!