पतंगाची मादी

पतंग आणि ज्योत हे रूपक आम्ही वर्षानुवर्षे वर्गात शिकवतो. मराठीत पतंग पुल्लिंगी, आणि जळण्याचा मानही त्याचाच. युरोपातील ‘लिमँट्रिया डिस्पार’ या पतंगाविषयी वाचताना मात्र हे रूपक अडखळते. ‘डिस्पार’ म्हणजे असमान; हे नाव लिनिअसने १७५८ साली दिले. नर तपकिरी, सडपातळ, पिसांसारख्या शृंगिकांचा. मादी पांढरी, थोराड, अंगावर काळसर नागमोडी रेषा. येथे ज्योत नाहीच; नर बहुधा भर दिवसा उडतो, तो मादीच्या गंधामागे. तिला पंख आहेत, पण या युरोपीय मादीला उडता येत नाही. खोडावर बसून ती गंध सोडते, शेकडो अंडी घालते, त्यांवर स्वतःच्याच पोटाचे केस पांघरते आणि मरते. पतंग झाल्यावर दोघेही काही खात नाहीत. (विरहात अन्न वर्ज्य करणाऱ्या नायिकांची आम्हांला येथे उगाच आठवण झाली.) पुढे ही जात अमेरिकेतही पसरली. तेथील कीटकशास्त्रज्ञांच्या संस्थेने, एका समाजाचा अवमान करणारे तिचे जुने इंग्रजी नाव टाकून, २०२२ साली ‘स्पंजी मॉथ’ हे नाव स्वीकारले. स्पंजासारखा दिसतो तो मादीने केसांखाली झाकलेला अंड्यांचा पुंजका. आता नरालाही त्याच नावाने ओळखतात.