पुढचा पळतोय की बसलाय?

विरारच्या मैदानावर रविवारी टेनिस बॉलची स्पर्धा असली की समालोचक गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात सांगतो, "आता चेस करायचाय, चार ओव्हरमध्ये पन्नास!" सोमवारी विरार फास्टच्या गर्दीत कुणीतरी फोनवर हाताखालच्या पोराला बजावतो, "ते पेमेंट चेस कर, नुसता मेल टाकून बसू नको." क्लासच्या जाहिरातीत स्वप्नं चेस करायची असतात आणि सिनेमात चोर. एवढ्याशा शब्दाला इंग्रजीने किती कामाला लावलंय! आपण देवनागरीत लिहिलं की त्यात बुद्धिबळाचा पटही येऊन बसतो, तो वेगळाच.

मराठीत ही कामं वाटून दिलेली आहेत. चोराचा पाठलाग, उधारीसाठी तगादा, विद्येचा ध्यास. पण मला मौज वाटते ती पिच्छा आणि पाठपुरावा या जोडीची. एखाद्याचा पिच्छा पुरवला तर तो वैतागतो. पाठपुरावा केला तर पेपरात नाव येतं. दोन्हीकडे पाठच सोडायची नसते. फरक आहे तो पुढच्या माणसात. पाठलागात पुढचा पळत असतो. पाठपुराव्यात तो खुर्चीत बसलेला असतो आणि धावपळ मागच्याचीच होते.

वसईने दोन्ही प्रकार पाहिले आहेत. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरला यशवंतराव होळकरांनी पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला आणि दुसरा बाजीराव पुण्यातून निसटला. सिंहगड, महाड, मग समुद्रमार्गे डिसेंबरात तो वसईला पोहोचला. ३१ डिसेंबरला इंग्रजांशी तह केला आणि सुटलो असं त्याला वाटलं असावं. पण १८१७ च्या नोव्हेंबरात खडकीची लढाई झाली आणि ज्यांच्या आसऱ्याला तो वसईत आला होता, तेच इंग्रज त्याच्या मागे लागले. कोरेगाव, आष्टी असं करत ३ जून १८१८ रोजी तो इंग्रज सेनानी माल्कमच्या स्वाधीन झाला. लोकांनी त्याला पळपुटा हे विशेषण लावलं ते आजतागायत निघालेलं नाही. इतिहास पळणाऱ्याला नाव ठेवतो. मागे लागणाऱ्याची बहुधा विचारपूसही करत नाही.

त्याच वसईत तहाच्या त्रेसष्ट वर्षं आधी चिमाजी आप्पांचं काम उलट होतं. पोर्तुगीजांचा किल्ला कुठे पळणार? मोहीम १७३७ ला सुरू झाली आणि किल्ला मिळाला मे १७३९ मध्ये. मधल्या काळात हल्ले फसले, माणसं गेली, शेवटी तटाखाली सुरुंग लावावे लागले. किल्ल्यासमोर बसून राहणं हे घोडा दौडवण्यापेक्षा अवघड, हे इथल्या माणसाला पुस्तक न वाचता कळतं. त्याने पाण्यासाठी अर्ज केलेला असतो.

वसईची विहीर, वाडी, केळी आणि पानवेली एकमेकांच्या आधाराने जगत आल्या. टँकरने भूजल उपसायला सुरुवात झाली तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. मोर्चे निघाले, निवेदनं गेली. पुढे ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार महापालिका स्थापन झाली आणि गावं तिच्यातून वगळावीत यासाठी नवं आंदोलन उभं राहिलं. २०११ मध्ये शासनाने २९ गावं वगळली, तर वाद न्यायालयात गेला आणि वर्षानुवर्षं रेंगाळला. या मागणीसाठी मोर्चात चाललेली पोरं आता स्वतःच्या पोरांना शाळेत सोडायला लागली असतील.

नळाच्या पाण्याची गोष्टही अशीच. सूर्या प्रादेशिक योजनेतल्या ४०३ दशलक्ष लिटरपैकी दररोज १८५ दशलक्ष लिटर वसई-विरारच्या वाट्याचं. कागदावरचा हा आकडा नळात उतरेपर्यंत किती सोसायट्यांच्या सचिवांनी किती टेबलं गाठली असतील! पाणी आलं की मात्र चौकात फलक लागतो, अमुक साहेबांच्या पाठपुराव्याला यश. साहेबांचा फोटो मोठा, हात जोडलेला. आमच्याकडे असं यश फार येतं. एकाच गटाराला तीन पक्षांच्या पाठपुराव्याने यश आलेलं मी पाहिलं आहे. सचिवाची फाईल कुठल्याच फलकावर नसते.

गाडीच्या बाबतीत आपण बोलतो तेही ऐकण्यासारखं आहे. गाडी पकडायची असते, जणू तिने काही गुन्हा केलाय. नालासोपाऱ्याची माणसं चर्चगेटला जायला आधी उलट विरारकडे जातात, बसायला जागा मिळावी म्हणून, आणि तिथून त्याच गाडीने परत निघतात. विरारकरांना याचा राग येतो, भांडणं होतात. मला दोघांचंही पटतं. ज्याला साठेक किलोमीटर उभं राहून जायचंय त्याच्याशी तत्त्वाचं बोलू नये.

धावण्याचं कौतुक आपल्याकडे पुष्कळ झालं. इंग्रजी चेसमध्ये बरीचशी ऐट त्या वेगाची आहे. माझं मत विचाराल तर वसई-विरार टिकलं ते वेगाने धावणाऱ्यांमुळे नव्हे, तर त्याच खिडकीवर परत जाणाऱ्यांमुळे. तेव्हा पुढच्या वेळी कुठल्याही कार्यालयात अर्ज द्याल, तर पोच घ्या. शिक्का आणि आवक क्रमांक आहे ना ते तिथेच उभं राहून बघा आणि झेरॉक्स घरी ठेवा. साहेब बदलतात, नवे साहेब पहिली गोष्ट तीच मागतात.